शेवटच्या रांगेतले ओठ

आई,

काल लेकीने मला तिच्या शाळेतल्या भाषणाला बोलावलं, पण एका अटीवर. इथे जपानात, सेंदाईत, वर्ग बघायला आलेले आईबाप शेवटच्या बाकांमागे भिंतीला टेकून उभे राहतात. ती म्हणाली, "ये, पण ओठ हलवायचे नाहीत." मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, तसं हेही जपानीतच. मी हसले आणि झारा हातात धरून तशीच उभी राहिले. भाजी करपली. म्हणून आज तुला लिहायला बसलेय.

मी सातवीत होते. तू आत कणीक मळतेयस आणि मी बाहेरच्या खोलीत स्टुलावर उभी. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" एवढं होतंय तोच तुझा आवाज येतो, "ते सगळ्यांचंच असतं. तुझं काय ते बोल." कुकरची शिट्टी झाली की मी आवाज चढवायचे. "त्याच्याशी भांडू नकोस गं. थांब. त्याचं संपलं की तुझं. आणि ओरडायचं नाही. शेवटच्या रांगेतल्या एकाच माणसाकडे बघून बोलायचं, त्याला पोचलं की सगळ्यांना पोचतं." हात कुठे ठेवायचे यावरून तर एकदा लाटणं घेऊनच बाहेर आली होतीस. इथला राइस कुकर शिट्टी देत नाही, गाणं वाजवतो. तरी तो वाजला की मी अजून बोलता बोलता थांबते.

स्पर्धेच्या दिवशी तू शेवटच्या रांगेत होतीस, तू शिकवायचीस त्या शाळेतून अर्धी रजा काढून आलेली. स्टेजमागे दोन मुलींनी मला 'आईचा पोपट' म्हटलं होतं. भाषणाच्या मध्यावर मी थांबले ती थांबलेच. तुझे ओठ हलत होते. परीक्षकांनी घंटा वाजवली आणि मी खाली उतरले. बसमध्ये तू म्हणालीस, "माझंच चुकलं. तयारी कमी पडली." पुढे मावशीलाही तेच सांगितलंस, शेजारच्या काकूंनाही. त्यानंतर तू माझ्या एकाही भाषणाला आली नाहीस. मी कप घेऊन घरी यायचे आणि तू एवढंच विचारायचीस, "मागे ऐकू गेलं ना?"

इथे भूकंप झाला तेव्हा तुला जाऊन सहा वर्षं झाली होती. मी पीएचडीला होते. आमची सगळी वस्ती शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये, राहायला आलेली. वीज नाही, माइक नाही. वस्तीचे प्रमुख, एक आजोबा, पाणी कुठे आणि कधी मिळेल ते कागदावरून वाचत होते, आणि त्यांचा आवाज पहिल्या चार चटयांपुढे जात नव्हता. मागचे म्हातारेकोतारे नुसते एकमेकांकडे बघत होते. "मोठ्याने बोला" म्हणायचीही यांना भीड. शेवटी मीच उठले. माझं जपानी तेव्हा कामचलाऊ होतं. आजोबांना म्हटलं, "तुम्ही एकेक वाक्य सांगा, मी तेच म्हणते." ते हळूच सांगायचे, मी त्यांच्या ओठांकडे बघून म्हणायचे. पोपटच की! मध्येच धक्का यायचा, छतावरचे दिवे हलायचे. मी थांबायचे. त्याचं संपलं की माझं. मागच्या भिंतीपाशी बसलेल्या एका आजींनी डोक्यावर दोन्ही हातांचा गोल केला, म्हणजे पोचलं. त्या क्षणी मला तू इतकी हवी होतीस की पुढचं वाक्य आजोबांना दोनदा सांगावं लागलं.

लेकीला मी हो म्हटलंय. ओठ मिटून उभी राहीन, जमेल तसं. हे पत्र कुठे टाकणार, मसाल्याच्या डब्याखालीच राहील. पण एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी काही विसरले नव्हते. पुढचं वाक्य मला येत होतं, आणि तुझ्या ओठांवरही ते स्वच्छ दिसत होतं. मी पोपट नाही हे त्या दोघींना दाखवायला मी मुद्दाम तोंड मिटून उभी राहिले. तुझी तयारी कुठेच कमी पडली नव्हती, आई. बसला घरापर्यंत पाऊण तास लागला, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.