उभे वायपर

असाहिकावा, नोव्हेंबरअखेर

आई,

इकडे बर्फ साचायला लागला. तुझ्या गुडघ्यांनी तुला ते आधीच सांगितलं असेल. मी बरा आहे, दोन्ही वेळा गरम जेवतो. हातांना भेगा पडल्यात, पण त्या दरवर्षीच्याच.

दुकानात फुरसत नाही. सगळ्यांना आजच्या आज बर्फाचे टायर, साखळ्या, हिवाळी वायपर बसवून हवेत. काल एका आजोबांना गाडी ओढायचा दोर दाखवला, तर म्हणाले, "लांबातला दे. ओढणारा जावई आहे, फार जवळ नको." सगळे हसले. दोर इतरांना दिसावा म्हणून मधोमध बांधायचं पांढरं फडकं बघून मला मात्र तू बाबांना शिवून दिलेलं आठवलं. उशीच्या अभ्र्याचं होतं ना?

शेजारच्या ओकुयामाकाकांचा फोन आला होता. "वहिनींना समजाव रे. गाडी चालवणारे तुझे बाबा उन्हाळ्यात गेले, तरी या रोज संध्याकाळी त्यांच्या गाडीचे वायपर उभे करून येतात. चिकटले काचेला बर्फाने, तर चिकटू देत!"

शाळेतून येताना वळणावरूनच ते उभे वायपर दिसायचे, आणि बाबा घरी आलेत हे कळायचं. मग मी पळत सुटायचो.

पार्सलने नवे हिवाळी वायपर पाठवतोय. काकांकडून बसवून घे. ते कुरकुरतील, कुरकुरू देत. अंगणात निसरडं असेल, जपून जात जा.

नव्या वर्षाला येईन. वळणावर जरा थांबेन. तेव्हा ते उभे असू देत.

तुझा
शुन्पेई