न जुंपण्याचा दिवस

आप्पा,

शर्यतीच्या नोंदणीत माझ्या नावापुढे तुमचं नाव लिहायचं होतं. तिथे मी आईचं लिहिलं. परवा धरणाच्या काठावर माइकवरून कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तेवढ्या क्षणापुरते तुम्ही जिवंत असायला हवे होतात. ऐकायला.

शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, उतरलं की धावायचं. पंचेचाळिशी उलटलेल्या, लग्न न केलेल्या तुमच्या मुलीनं कॉलेजची नोकरी सांभाळून हे कशाला करावं, असं गावाला वाटतं. मी तब्येतीचं कारण सांगते. खरं कारण तुम्ही आहात. तोरणमाळचा घाट सायकलनं चढताना प्रत्येक वळणावर मी तुम्हाला एक उत्तर देते, आणि वळणं पुष्कळ आहेत.

केळीच्या बागेतली विहीर. मी तेरा वर्षांची असेन. भाऊ आणि मी भर दुपारी पोहतो आहोत, उजवा खांदा दगडी भिंतीशी ठेवून, गोल गोल. तुम्ही काठावर येऊन उभे राहता. मागे शेतावर वर्षाच्या बोलीनं राबणारे दोन सालदार. तुम्ही ओरडत नाही, कधीच ओरडायचा नाहीत. "आते तू धाकली नही ऱ्हायनी. निंघ बाहेर. लोके दखी ऱ्हायनात." मी पायऱ्या चढून वर येते, फ्रॉक अंगाला चिकटलेला. तुमचे ते लोक म्हणजे दोन सालदार, आणि तेही मान खाली घालून उभे. पुढच्याच आठवड्यात विहिरीवर लोखंडी जाळी बसली. किल्ली भावाकडे. उन्हाळाभर केळीच्या पलीकडून त्याच्या उड्यांचे आवाज येत, आणि मी अंगणात मिरच्या वाळवत असे.

मग तुम्हाला लकवा झाला. भाऊ सुरतेला, म्हणून तुमचं सगळं मीच केलं. अंग पुसलं, पेज भरवली, कुशीवर वळवलं. तुम्हाला बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. त्याच महिन्यात मी धावायचे बूट आणले. रोज पहाटे तुमच्या खाटेसमोर स्टूल ओढून मी ते घालायचे, नाड्या सावकाश बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. तुम्ही बघत राहायचात. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

धावण्याला पुढे सायकल जोडली, मग पोहणं. फोनवरून सराव ठरवून देणारी माझी प्रशिक्षक नाशिकची, माझ्या निम्म्या वयाची. ती पहिल्यापासून बजावत होती की आठवड्यातला एक दिवस काहीही करायचं नाही. शरीर घडतं ते त्याच दिवशी. मी हो म्हणायचे आणि धावायला जायचे. मला भीती होती की एक दिवस स्वस्थ बसले तर तुमच्यावरचा राग उतरेल, आणि राग उतरला तर पाय कशाच्या जोरावर उचलायचे? शेवटी उजवी नडगी दुखायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चालू ठेवलं तर हाडाला चीर जाईल, मग शर्यत विसरा. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बूट घातले.

आई उंबऱ्यात आडवी बसली होती. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं. "बैलले बी अमावसले जुपतस नही. तुले कोन जुपी ऱ्हायना?"

तुमचं नाव ओठांवर आलं होतं. मी बूट काढले.

अमावस्येला तुम्ही औत जुंपू द्यायचा नाहीत. बैल सावलीत बसून रवंथ करायचे, आणि त्याच दिवशी चुलीपुढे आई सालदारांच्या भाकरी थापायची, रोजच्याइतक्याच. बैलाला अमावस्या होती. आईला नव्हती. हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मी आपली माझीच जाळी धरून बसले होते.

तर आता ऐका. तुमच्या घरात रविवारी गॅस पेटत नाही. सकाळी शहाद्याहून फाफडा-जिलबी येते, दुपारी काकड्या, केळी, जे असेल ते. तुम्ही घरात असताना ज्या झोपाळ्यावर बाई बसत नव्हती, त्यावर आई असते. पहिल्या रविवारी ती पाहुण्यासारखी कडेला टेकली आणि कुणी येणार आहे का म्हणून सारखं विचारत राहिली. दुसऱ्या रविवारी मांडी घातली. पुढे एकदा उशीला टेकून म्हणाली, "जराखा झोका दे ना वं माय." मी खाली सतरंजीवर, नडगीवर बर्फाची पिशवी. पायानंच झोका दिला. घाटातल्या सगळ्या वळणांवर मिळून जो सूड उगवला नव्हता, तो त्या कड्यांच्या करकरीत मला मिळाला. नडगी बरी झाली. राग उतरला नाही.

परवा पाण्यात मात्र वेगळंच झालं. गोल विहिरीत शिकलेला माणूस मोकळ्या पाण्यात सरळ जात नाही. मी डावीकडे वळत गेले. मान वर काढली तर बाकीचे पोहणारे लांब उजवीकडे, आणि वाचवणाऱ्यांची होडी माझ्या रोखानं येत होती. होडीत बसलं की शर्यत संपली. मी घाबरून हातपाय झोडायला लागले, तोंडात पाणी गेलं.

आणि पोटाखाली हात आला. सहा वर्षांची मी, तरंगायला पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधलेला, आणि तुम्ही पाण्यातल्या पायरीवर छातीभर बुडून उभे. "पानीले मारू नको बेटा. आंग सोडी दे. मी शे ना."

मी अंग सोडलं. पाण्यानं उचललं. श्वास जागेवर आला तशी शर्यतीच्या वाटेची तरंगती खूण शोधली आणि उजवीकडे वळले.

शर्यत पूर्ण केली, अगदी मागच्यांत. पदक आईच्या गळ्यात घातलं. काठावरून बघत असलेल्या प्रशिक्षिकेनं विचारलं की घाबरल्यावरही इतकं शांत पोहायला कुणी शिकवलं. मी म्हटलं, भावाबरोबर शिकले, विहिरीत. हे पत्र तुमच्या फोटोपुढे ठेवणार नाही, जाळणारही नाही. तुमचा हात आला होता, हे तुम्हाला कळू द्यायची माझी अजून तयारी नाही.