ज्याची पट्टी त्याचं सामान

मी, अल्विना क्रोगर, कै. ऑर्व्हल क्रोगर यांची बायको, वय छप्पन्न, शिक्षण पाचवी, राहणार मार्लो, इंडियाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टर म्हणतात हृदय कामातून गेलं. डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी किराणा दुकानात हुज्जत घालून बघावी. कुणाचा दाब नाही, कुणाचं आमिष नाही. याआधी मृत्युपत्र केलं नाही, कारण घाई नव्हती.

एक. कारण. मार्चमध्ये मी इस्पितळात होते तेव्हा माझी मुलगी डार्लीन आणि मुलगा मर्ल घर "आवरायला" आले. मी परत आले, हातातला चमचा पडला, उचलायला वाकले, तर टेबलाच्या पोटाला चिकटपट्टी आणि तिच्यावर "डार्लीन". मग मी सगळं घर उलटंपालटं केलं. आरामखुर्चीखाली मर्ल. शिवणयंत्राखाली डार्लीन. टीव्हीच्या मागे मर्लच्या पट्टीवर डार्लीनची पट्टी. मी डार्लीनला फोन लावला.

"अगं आई, सगळेच करतात असं. नंतर भांडणं नकोत म्हणून."

"मग नंतर करायचं ना! मी अजून जेवतेय त्या टेबलावर."

दोन. सामान. ज्याची पट्टी त्याचं. मी खोडा घालत नाही. टीव्हीला दोन पट्ट्या, म्हणून तो दोघांनाही नाही. चर्चच्या तळघरात लोक जमतात, तिथे द्यावा. फ्रिज मर्लचा. त्याचा बाप फ्रिजच्या कारखान्यात रंग मारायचा. आधी पांढरा, मग गुलाबी, मग पिवळा. दिवसभर ज्याला रंग मारायचा तोच हप्त्याने घरी आणायचा. जुना चांगला बर्फ करत होता, फक्त रंग जुना झाला होता. शेजारच्या रूबी टेगकडे पिवळा आला की आम्हालाही पिवळा हवा. मला त्याची लाज नाही. मी पिठाच्या पोत्याचा फ्रॉक घालून शाळेत गेले आहे. गिरणीचं नाव पाठीवर होतं आणि कितीही धुतलं तरी जात नव्हतं. पोरं पाठीमागून ते मोठ्याने वाचायची. तसा फ्रॉक ज्याने घातला नाही त्याने माझ्या गुलाबी फ्रिजला हसू नये.

तीन. ओपल. ही ऑर्व्हलची धाकटी बहीण. लहानपणी ताप डोक्यात गेला, तेव्हापासून आठ वर्षांचीच राहिली. माझ्या लग्नापासून मागच्या खोलीत आहे. बटाटे सोलते, मला वहिनी म्हणते, खोटं बोलत नाही. घरातल्या चिमट्यालासुद्धा पट्टी होती, ओपलवर कुणी लावली नाही. मी मर्लला विचारलं, "आणि आत्याचं काय?"

"सरकारी आश्रम चांगला आहे म्हणतात. हल्ली टीव्हीपण आहे तिथे."

"मग तूच जा की राहायला."

म्हणून माझ्या पश्चात घर, जागा आणि बँकेतली शिल्लक ओपल जिवंत असेपर्यंत ओपलची. घर विकू नये, तिला आश्रमात घालू नये. तिचा पलंग, किटली आणि बटाट्याची सुरी यांना पट्टी असली तरी हात लावू नये. कारभार रूबीने बघावा. ती म्हणाली, "आयुष्यभर माझं बघून सगळं आणलंस, आता तुझं मी घेऊ होय?" पण हो म्हणाली. ओपलनंतर उरेल ते दोन्ही मुलांना सारखं. येताना पट्ट्या आणू नयेत.

चार. पुरणं. शवपेटीवाल्याने मला तीन दर्जे दाखवले, रेशमी अस्तराचेसुद्धा. म्हणे, "बाई, लोक शेवटचं बघतात." म्हटलं, मला कुठे दिसणार आहे? साधी लाकडी घ्यावी. अंगात माझं करडं स्वेटर असावं.

स्वेटरचं कारण असं. मी पट्ट्या शोधत फिरत होते तेव्हा ओपल मागे मागे येत होती. "वहिनी, हे कशाला गं?" मी वैतागून म्हटलं, "ज्याला जे हवं, त्यावर तो आपलं नाव लावतो." दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात दोन बायका माझ्या मागे खुसखुसल्या. पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा तेच. घरी येऊन स्वेटर काढलं तर पाठीवर पट्टी. ओपलला स्वतःचं नाव तेवढं लिहिता येतं, तेही एक अक्षर उलटं.

पट्टी सुटायला लागली होती. मी टाके घालून पक्की केली आहे. ती कुणी उसवू नये.

हे सर्व समजून उमजून लिहिलं आहे.

सही: अल्विना क्रोगर
साक्षीदार: लाईल हेन्सबी, पोस्टमन, एडना व्हॉस, धोबीखान्यातली मैत्रीण
मार्लो, इंडियाना. ९ मे १९६४