दौलतमामाची सीट

८ जानेवारी १९५४
आज स्टेरिंग हाती आलं! पेट्रोल भरून सवारीची रिकामी मोटर शेलूबाजारले परत आणताना आमचे ड्रायव्हर दौलतमामा मधातच थांबले. "सरक इकडं. बैस." मले वाटलं गंमत करून राह्यले. क्लीनर म्हणून लागलो तवापासून इंजिनाले हँडल मारलं, काचा पुसल्या, टपावर पोती चढवली. ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं सपन कोणाले बोललोही नाही. नाल्यापर्यंत चालवली. मामा वरडले, "रस्ता पाह्य, पायाकडं काय पाह्यतं?"
घरी आसेगावले सांगितलं नाही. बाबाले वाटते, पोरगा चार दिवसांत मोटर सोडून वावरात येईल.

१७ जाने.
रोज थोडी थोडी. गेअरची करकर कमी झाली. मामा एवढी घाई काहून करून राह्यले? विचारलं, त म्हणे, "शिकाचं हाय का गप्पा हाणाच्या?"

२ फेब्रु.
शिरपूरच्या अलीकडं. गाडी भरलेली, देवळाचे जात्रेकरू, लेकरंबाळं. मी नेहमी मागच्या दारात असतो, आज मामानं जवळ बसवलं होतं. उतारावर मामा एकदम स्टेरिंगवर पडले. गाडी सरळ बाभळीकडं. त्यायले खांद्यानं ढकललं, स्टेरिंग ओढलं. ब्रेक सापडेना, मामाचा पाय मधात. मागून एक बाई "माय वं" एवढंच वरडली.
तो सरकवून ब्रेक दाबला तवा थांबली. पुढचं चाक खड्ड्याच्या काठावर.
मामाले बाकावर निजवलं न् शिरपूरच्या दवाखान्यापर्यंत मीच आणली. कशी, ते आठवत नाही. लोकं पाठ थोपटत होते. मी पुढच्या चाकाची माती खरडत बसलो.

५ फेब्रु.
मामा वाचले. वाशिमच्या दवाखान्यात हायेत. डॉक्टर म्हणे, काळजाचं दुखणं.
मोटरीचे मालक, सेठ, म्हणाले, "तुहं लायसन काढून देतो. दौलत आला त सीट त्याची. नाही त तुही."
आनंद व्हायले पाह्यजे होता. झाला का? हो. थोडा. लाज वाटली.

९ फेब्रु.
वाशिमले गेलो. मामी पाणी आणाले गेली, तसे मामा हळूच म्हणाले, "त्या दिवशी सकाळपासूनच छाती दुखत होती."
"मंग गाडी काढली काहून?"
"म्हणून त तुले जवळ बसवलं. दिवाळीपासून दुखते. म्हणून त शिकवलं."
डोक्यात काही शिरेचना. मले वाटे, मामाले माह्यात काही दिसलं म्हणून शिकवते.
"गाडीत लेकरं होती, मामा!"
"सुखरूप उतरली ना समदी?"
मंग त्यायनं हात जोडले. मले. "सेठले सांगू नको. घरी बसवलं त मी तसाही मरीन."
तसाच निंगालो. चपला तिथंच राह्यल्या.

१० फेब्रु.
बाबाले समदं सांगितलं. स्टेरिंगचंही. मले वाटलं मारतील. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणे, "सांगशील त लोकं म्हणतील, सीटसाठी सांगितलं. नाही सांगशील, त..." न् बैलाले पाण्यावर घेऊन गेले.

१३ फेब्रु.
मामाचा निरोप आला, बरा हाय, कामावर येतो. सेठनं मले बोलावलं.
"तू त रोज त्याच्यासंगं होता. आधी कधी काही दुखलं-खुपलं होतं का त्याले?"
म्हणलं, "उद्या सांगतो."
"उद्या काय सांगतं? हो का नाही, एवढंच त इचारलं. नाही असतं त आत्ताच म्हणला असता."