पायरीपायरीनं

९ ऑगस्ट १९८२
आज कामावर हजर झाले. लाखनीला बसमधून उतरलो, टेकचंददादानं ट्रंक बैलबंडीत ठेवली आणि तलावाच्या पारीनं, बांधावरून, आम्ही केंद्रावर आलो. बंद पडलेल्या राईस मिलच्या आवारात बैठी कौलारू इमारत, मागं तलाव, तलावात शिंगाड्याचे वेल. फाटकाजवळची खोली मला मिळाली. खिडकीतून धानाच्या बांध्या दिसतात.

उन्हाळ्यात तापानं इतकी खंगले की तुमसरच्या शाळेतली ड्रिलची नोकरी सोडावी लागली. दादानं नागपूरला नेऊन तपासण्या केल्या. रक्त कमी आहे म्हणाले, बाकी काही नाही. मग त्यानंच हे काम शोधलं. आईबाबा गेल्यापासून तोच माझं सगळं पाहतो.

इथं रक्ताच्या कॅन्सरच्या बायका राहतात. डॉक्टर लक्ष्मणराव म्हणतात, आजार माणसाला खातो तितकीच भीतीही खाते. औषधं ते देतील. भीतीसाठी हलका व्यायाम, श्वास आणि मनाला सवय लावणं. व्यायाम माझ्याकडे. निघताना दादाचे डोळे भरले. मी म्हटलं, सासरी पाठवून राहिला का मला? तो हसला नाही.

१६ ऑगस्ट
सकाळी सगळ्यांना पारीवर नेते. हात वर, हात खाली, थोडं चालणं. मग सावलीत बसून मुठी घट्ट आवळायच्या, सैल सोडायच्या. खांदे आवळायचे, सोडायचे. औषधानं सगळ्यांचे चेहरे गोल झालेत, बहिणी-बहिणी वाटतात. शकुनबाई स्वतः आजारी असून साऱ्यांचा सैंपाक करते. मनकर्णाबाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवते. आज शकुनबाई म्हणाली, "बाई, तुमी आल्यापासून मले झोप लागून राहिली." दिवसभर पाय जमिनीला लागले नाहीत माझे.

२९ ऑगस्ट
मनकर्णाबाईला सुईची फार भीती. डॉक्टरांनी पद्धत समजावली: आधी नुसती डबी पाहायची, मग सुई हातात धरायची, मग कातडीला टेकवायची. एक पायरी सवयीची झाली की दुसरी. तिला धीर यावा म्हणून मीच आधी हात पुढं केला. डॉक्टरांनी माझं रक्त काढलं, आणि ती पाहत राहिली. मग तिनंही काढू दिलं. रोग्यांना आपण वेगळे वाटू नये म्हणून कामावरची माणसंही इथं गोळ्या घेतात. ताकदीच्या आहेत. आवडली मला ही रीत.

१२ सप्टेंबर
माझ्या खोलीचं छत गळायला लागलं. डॉक्टरांनी वॉर्डालगतची खोली दिली. भूक छान लागते, पोलकी घट्ट होऊ लागलीत. दादाला कळवलं, तब्येत सुधारली म्हणून. नडग्यांवर निळे डाग दिसतात. खाटेची पाटी लागत असेल.

३ ऑक्टोबर
मनकर्णाबाई गेली. माझा हात धरून, श्वास संथ सोडत गेली.

तिच्या खाटेकडं कोणी फिरकेना. डॉक्टर म्हणाले, ही भीतीसुद्धा पायरीपायरीनंच घालवू. आधी दारातून पाहिलं, मग जवळ बसलो. शेवटी त्यांच्या सांगण्यावरून मी खाटेवर आडवी झाले, डोळे मिटून अंग सैल सोडलं. एकेक बाई येऊन माझ्या पायाशी बसली. शकुनबाई तेवढी आली नाही. दारात पदर तोंडाला लावून रडत होती.

नर्स सुटीवर चालली. ती येईस्तोवर वॉर्डात झोपाल का, असं डॉक्टरांनी विचारलं. रिकामी खाट तेवढीच आहे. मी हो म्हटलं.

१० ऑक्टोबर
सकाळी तलावाचं पाणी अगदी स्थिर होतं. आम्ही पारीवर ओळीनं उभ्या, हात वर. पाण्यात सगळ्यांचे चेहरे दिसत होते. मी माझा शोधला. सापडेना. सगळे गोल, सगळे सुजलेले.

कोणती मी, ते कळावं म्हणून हात खाली घेतला.

११ ऑक्टोबर
शकुनबाईला चुलीपाशी गाठून विचारलं, माझाही चेहरा तुमच्यासारखा का. तिनं भाताखालचा जाळ कमी केला. मग म्हणाली, "मी इथं सैंपाकाले आली होती, देवकी. मनकर्णा शिलाईले. इथं साऱ्याच कामाले आल्या."

आजवर ती मला बाई म्हणायची.

मग तुला सांगितलं कोणी? म्हणाली, कोणीच सांगत नाही, ज्याचं त्याले समजते. मी विचारलं, तू काहून नाही सांगितलं? "तू किती खुशीत आली होती. तुले पाहून आमाले बरं वाटे."

१२ ऑक्टोबर
मलाही तोच आजार आहे, हे डॉक्टरांनी नाकारलं नाही. शांतपणे म्हणाले, तुम्ही न भिता सुई टोचून घेतली, न भिता त्या खाटेवर झोपलात; आधी सांगितलं असतं तर जमलं असतं? गळणारं छत, नर्सची सुटी, सगळं त्यांनीच रचलेलं. मी शिकवत नव्हते. मलाच शिकवत होते.

१९ ऑक्टोबर
दादा आला. बसलाच नाही, खांबाला टेकून उभा. "सांगतलं असतं त तू खचली असती," म्हणाला. आणखी कोणाला माहीत, विचारलं. शाळेत माहीत आहे. वहिनीला, शेजाऱ्यांना माहीत आहे. साऱ्या तुमसरात एक मीच — निरोपाला पोरी इतक्या का रडल्या, ते आज कळलं.

घरी ने म्हटलं. त्यानं डॉक्टरांकडं पाहिलं. माझ्याकडं नाही.

तो गेल्यावर सडकेला निघाले. ट्रकांचे आवाज ऐकू येत होते. पारीच्या अर्ध्यातच पाय उचलेनात. शकुनबाईनं धरून परत आणलं.

२ नोव्हेंबर
ताप. हिरड्यांतून रक्त. माझ्याविना त्या पारीवर जातात. मी मुठी आवळते, सोडते — काही होत नाही. भीती जात नाही. आता कोणी दूध आणलं तरी वाटतं, ही कोणती पायरी? काल उशी बदलली. आज खाट खिडकीपाशी सरकवली. का —

शेवटची पायरी ह्यांना माहीत आहे. मला नाही.

९ नोव्हेंबर
फाटकात बंडी थांबली. एक मुलगी उतरली, हार्मोनियम घेऊन. बायकांना भजनं शिकवायला आली म्हणे. रंभा नाव. सोबत बाप. तो मान वर करत नव्हता.

मी तिला सांगणार. शकुनबाईला तसं म्हटलं. तिनं माझा हात दाबला. "आजचा दिवस राहू दे. किती हासून राहिली, पाह्य."

१० नोव्हेंबर
ती सकाळी माझ्यापाशी येऊन बसली. पेटीवर सूर धरून दाखवला. वॉर्डातल्या सगळ्या हसल्या — मीही —

रंभा आता परत आलीय. समोर बसलीय. मी काय लिहिते पाहतेय, वाचता येत नाही तिला. विचारते, "ताई, या गोळ्या कायच्या आहेत जी? मलेबी देल्या."

तिचा बाप वऱ्हांड्यात आहे. माझ्याकडं पाहतोय. हात जोडलेत त्यानं. शकुनबाई दारात.

तिचं मनगट धरलंय मी. सांगते तिला. मी म्हटलं, रंभा, या गोळ्या —