बसले एका गाडीत, उतरले दुसरीतून

ता. ४ जून

चि. धाकटीस,

दादाचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि. येथे सर्वांचे क्षेम आहे, एका गाडीचे सोडून. आणि तिचे क्षेम तुझ्या हाती आहे.

काल संध्याकाळी तुमच्या मालिकेचा दुसरा भाग सहकुटुंब, सपरिवार आणि शेजारच्या शिंपीकाकांच्या साक्षीने पाहिला. स्वतःची गाडी टीव्हीवर येणार म्हणून बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सज्ज होते. मालिकेतले वकीलसाहेब बंगल्याच्या दारात गाडीत विराजमान झाले. बाबांनी शिंपीकाकांना कोपराने डिवचले. पुढच्याच क्षणी वकीलसाहेब कचेरीपाशी अवतीर्ण झाले, आणि बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला व निकाल दिला की वकीलसाहेब बसले एका गाडीत आणि उतरले दुसरीतून. पुढच्या जाळीच्या पट्ट्या बसताना आडव्या होत्या, त्या उतरताना उभ्या झाल्या. बॉनेटच्या कडेवरचा आरसा चालत्या गाडीत उठून दारावर जाऊन बसला. बाबांच्या मते उतरलेली गाडी चार वर्षांनी धाकटी आहे. एवढ्याशा प्रवासात चार वर्षे गळून पडत असतील तर तो रस्ता मलाही दाखवा, असे ते शिंपीकाकांना म्हणाले.

मी शांतिपाठ आरंभिला. कृत्रिम दंतपंक्तींचा निर्माता या अधिकाराने मी निवेदन केले की समोरचे दोन दात जुळले की जग बाकीच्यांकडे पाहत नाही. त्यावर बाबा म्हणाले की तुझ्या गिऱ्हाइकांचे मी जाणत नाही, मी बत्तीसच्या बत्तीस मोजतो.

तुझ्या हुद्द्याचे वर्णन मी चारचौघांत ‘सातत्यरक्षिका’ असे करतो. म्हणजे आधीच्या दृश्यात नायकाच्या हाती असलेला कप पुढच्या दृश्यात बशीसह अंतर्धान पावू नये, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी अधिकारी. त्या अधिकारी व्यक्तीच्या नाकाखालून एक अख्खे वाहन पालटावे, हे मला गूढ वाटते. पायाने दगा दिल्यापासून बाबांना क्लच दाबवत नाही, तरी रोज सकाळी गाडी पुसणे चालूच होते. ते त्यांनी केवळ तुझ्या शब्दावर सोडले आणि गाडी चित्रीकरणाला दिली. गेली तशी, स्वतःच्या चाकांवर घरी येईल, असे तू म्हणाली होतीस. तेव्हा ती कुठे आहे तेवढे कळव.

वहिनीचे आशीर्वाद. लोभ आहे तेवढा पुरतो आहे. वाढवल्यास आमची तक्रार नाही.

तुझा,
दादा

ता. ११ जून

ती. स्व. दादास,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र मुद्दाम तुझ्या दंतशाळेच्या पत्त्यावर धाडते आहे. घरचे टपाल बाबा फोडतात.

बाबांचे बरोबर आहे. चित्रीकरणाच्या दुसऱ्याच आठवड्यात इथल्या ड्रायव्हरने रेडिएटरमधले पाणी न पाहता आपली गाडी टेकडीवर चढवली. इंजिन जागच्या जागी आवळले. मिस्त्रीने बॉनेट उघडले, बराच वेळ आत पाहिले आणि हात पुसायला घेतले. मागाहून म्हणाला की इंजिनाचा ओतीव ठोकळाच फुटला आहे आणि या वयाच्या गाडीचा तो आता कुठे मिळत नाही. निर्मात्यांनी जुन्या गाड्यांच्या एका संग्राहकाकडून त्याच बनावटीची, तशाच दुधी रंगाची दुसरी आणली. संग्राहकांची अट एकच, तिला ओरखडासुद्धा पडता कामा नये.

आम्ही दृश्ये गोष्टीच्या क्रमाने घेत नाही, हे तुला ठाऊक आहे. बंगल्याची सगळी आधी झाली, कचेरीची नंतर. म्हणून बसताना आपली, उतरताना दुसरी. दोन्हींतला एकूण एक फरक मी दिग्दर्शकांना दाखवला. ते म्हणाले की ताई, गाडीकडे कोण बघतंय, लोक नायिकेकडे बघतात. त्यांना आपले बाबा ठाऊक नाहीत.

आपली मागच्या शेडमध्ये उभी आहे. चहाच्या सुट्टीत मी तिला पुसून येते. मिस्त्री अजून सुटा भाग शोधतो आहे, तोवर बाबांना काही बोलू नकोस. रागवायचे असेल तर चहा पिऊन रागाव, आणि माया पातळ करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. २६ जून

चि. धाकटीस,

अ. उ. आ. वि. वि. तुझे पत्र दाताच्या साच्यांखाली दडवून ठेवले आहे. मी मौनव्रत पाळतो आहे. मला हे व्रत शोभत नाही, असे वहिनी म्हणते.

इकडे परिस्थिती उत्तरोत्तर स्फोटक होत आहे. चौथ्या भागात नायिका रडत गाडीतून जाते. घरात सगळ्यांचे डोळे पाणावले, आणि बाबा एकटेच ओरडले की जाळी बघा, जाळी! वहिनी नायिकेच्या दुःखात होती, ती दचकून खुर्चीतून उठली. आपली गाडी कुठे उभी केली आहे हे पाहायला ते स्वतः तिकडे येणार म्हणतात. पाय नेणार नाही म्हटले, तर म्हणाले की पायाला विचारतो कोण, बसून तर यायचे आहे.

तेव्हा माझ्या व्यवसायातली एक युक्ती सुचवतो. खरा दात निकामी झाला म्हणून हसू निकामी होऊ देत नाहीत. आपल्या गाडीची जाळी काढून त्या परकीला बसव. चार स्क्रूंचे काम. संग्राहकमहाशयांच्या रंगाला धक्का लागणार नाही, आणि बाबांची दृष्टी निवेल. इंजिन मिळाले की जाळी स्वगृही. यात पाप असल्यास ते माझ्या खाती घाल. तिथे अजून जागा आहे.

प्रेमात खंड नसावा. मालिकेत असला तर आम्ही सोसतो आहोतच.

तुझा,
दादा

ता. ६ जुलै

ती. स्व. दादास,

शि. सा. न. वि. वि. जाळी बसली. अगदी नीट बसली. दिग्दर्शकांनी सगळ्यांसमोर माझे कौतुक केले, आणि मी शेडमध्ये जाऊन आपल्या गाडीसमोर उभी राहिले. तुझ्या गिऱ्हाइकांनी कवळी काढून ठेवल्यावर जसे दिसते ना, तशी दिसते रे ती.

संग्राहक येऊन पाहून गेले. काढता येईल असे काहीही लावा, त्यांची ना नाही. मिस्त्रीचा मात्र पत्ता नाही. दुसऱ्या कामावर गेला म्हणतात. बाबांचे समाधान झाले असेल तर आता एवढ्यावर भागू दे. लाडक्या लेकीची म्हण, पण विनंती पोचव.

तुझी,
धाकटी

ता. १९ जुलै

चि. धाकटीस,

अ. उ. आ. वि. वि. विनंती पोचवण्याची सोय राहिली नाही, कारण बाबांचे समाधान फार मोठ्या प्रमाणावर झाले आहे.

जाळी पाहताच ते टाळी वाजवून म्हणाले की पोरीने ऐकले! मी कळवलेल्या चुका ती सुधारते आहे, म्हणजे आपले म्हणणे तिथपर्यंत जाते, असा त्यांचा सिद्धांत आहे. या सिद्धांताने त्यांना नवे बळ आले आहे. मालिकेच्या दिवशी सकाळपासून काठी न घेता घरभर फिरतात. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतात. शिंपीकाका आता त्यांना ‘परीक्षक’ म्हणून हाक मारतात, आणि ती हाक ऐकू आली नाही असे दाखवून बाबा ती दोनदा मारून घेतात. मी जन्मभर विनोद केले, पण बाबांना असे हसवणे मला कधी जमले नाही.

ताजा अभिप्राय असा. आरसा अजून दारावरच आहे. चाकांच्या टोप्या आपल्या नव्हेत, आपल्या मधोमध फुगीर आहेत. आणि वकीलसाहेबांच्या हातातले स्टिअरिंग काळे आहे, आपले हस्तिदंती. हे सर्व तुला कळवले का, असे ते सकाळ-संध्याकाळ विचारतात.

मी कळवतो आहे. यातले काही करू नकोस असे मी लिहायला हवे, ते माझ्याने लिहवत नाही. ते चूक काढतात, तू ती सुधारतेस, आणि प्रत्येक सुधारणेसरशी त्यांची गाडी त्यांच्याच सांगण्यावरून थोडी थोडी परक्या गाडीवर जाते. हे यंत्र मीच सुरू केले आणि ते थांबवण्याची कळ मला सापडत नाही.

स्नेहाची वृद्धी व्हावी.

तुझा,
दादा

ता. २ ऑगस्ट

ती. स्व. दादास,

शि. सा. न. वि. वि. आरसा, टोप्या, स्टिअरिंग, सगळे त्या गाडीवर गेले. बाबांना सांग.

आता जे लिहिते ते त्यांना सांगू नकोस. गोष्टीच्या शेवटी वकीलसाहेबांची गाडी दरीत कोसळते. संग्राहकांची गाडी कोसळवता येत नाही. दरीपाशी चित्रीकरणाची परवानगी याच आठवड्यापुरती होती, म्हणून शेवट आधी उरकून घ्यायचे ठरले, आणि चढाच्या रस्त्याची दृश्ये पुढच्या आठवड्यात. आपली गाडी दोरखंडाने ओढत वर आणली, तेव्हा मला कळले.

मी निर्मात्यांकडे गेले. ते फार गोड बोलले. तशीही ती चालणार नाही, तुमच्या वडिलांना मी स्वतः येऊन समजावेन, म्हणाले. दिग्दर्शकांकडे गेले, तर ते आकाशाकडे बघत म्हणाले की ताई, उजेड जातोय. मी बॉनेटपुढे उभी राहिले. दिवेवाल्या दोघांनी मला दंडाला धरून हळूच बाजूला केले. ताई, लागेल तुम्हाला, असे म्हणाले. मग कुणीतरी माझी नोंदी टिपायची फळी माझ्या हातात आणून दिली.

जाळीच्या जागी फळकुट रंगवून ठोकले होते. चाकांना टोप्या नव्हत्या. हे जुळत नाही, असे मी मोठ्याने सांगितले. दुसरे काय सांगणार होते? लांबून कळत नाही, म्हणाले.

तिला ढकलायला सहा जण लागले. ती कोसळताना डावे दार उघडले, ते मी टिपून घेतले, कारण ते माझे काम आहे.

हा भाग सर्वांत शेवटी दाखवतील. तोवर काहीतरी सुचव. आशीर्वाद असू दे.

धाकटी

ता. २१ सप्टेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. वि. वि. काल शेवटचा भाग झाला.

काहीतरी सुचव, असे तू लिहिले होतेस. इतके आठवडे मी बऱ्याच गोष्टी योजल्या. टीव्हीचा फ्यूज काढून ठेवावा. बाबांना वहिनीच्या माहेरी न्यावे. आधीच सर्व सांगून टाकावे. फ्यूज शिंपीकाकांनी बसवला, वहिनीच्या माहेरी टीव्ही आमच्यापेक्षा मोठा आहे, आणि सांगायला बसलो तेव्हा बाबांनी मला गाडी घरी आल्यावर तिच्यावर घालायचे नवे आच्छादन दाखवले. शिंपीकाकांकडून मापाने शिवून घेतले आहे.

चढाच्या रस्त्यावर गाडी आली तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. जाळी, आरसा, टोप्या, स्टिअरिंग असे एकेक नाव घेऊन मान डोलवत गेले, आणि म्हणाले की आता शंभर टक्के आपली. मग वळण आले, आणि गाडी दरीत गेली. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. मला हसू ऐकू आले.

बाबा हसत होते, धाकटे, खोकला येईपर्यंत. शिंपीकाकांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, बघितलंत, कड्यापर्यंत आमची आणि खाली पडली ती भलतीच! जाळीच्या जागी फळकुट, चाकांना टोप्या नाहीत. कुठलं तरी भंगार आणून ढकललंन्, आणि आम्हाला कळणार नाही असं समजतात! शिंपीकाकांनी शेवटी तरी पोरीने चूक केली म्हणताच त्यांना रागच आला. ही चूक तिने जाणूनबुजून केली, म्हणाले. बापाने बघताक्षणी ओळखावे की आपली सुखरूप आहे, म्हणून.

आज सकाळी मी दंतशाळेत निघालो, तेव्हा त्यांनी दारात थांबवले. रात्रभर मनात घोळत होते म्हणाले. तुला दोन गोष्टी विचारायला सांगितल्या आहेत, त्या जशाच्या तशा लिहितो. एक, आपली कधी पाठवतेस. दुसरे, ती दरीत ढकललेली गाडी कुणाची होती. त्या बिचाऱ्याने कधीतरी ती पुसली असेल, तेव्हा ढकलण्यापूर्वी त्याला निदान विचारले तरी होते ना.

संध्याकाळी घरी गेलो की ते विचारतील, लिहिलेस का म्हणून. मी हो म्हणेन, आणि ते खरे असेल. पुढचे मात्र तूच सुचव. दाराशी त्यांनी आच्छादन घडी करून खुर्चीवर ठेवले आहे, आणि आम्ही सगळे त्या खुर्चीला वळसा घालून जातो-येतो.

लोभाचे काय ते भेटीत बोलू. पण लवकर ये.

तुझा,
दादा