मेम्ब्रेनची नाडी

३ तारीख, सोमवार
प्लांटचा फ्लो पंधरा टक्क्यांनी घसरला. मेम्ब्रेन तुंबले. खाऱ्या पाण्यातलं मीठ अडवणारे हे पडदे अकरा वर्षं सांभाळतोय, त्यांची नाडी मला बाहेरूनच कळते. निदान: क्षार. उपाय: ॲसिडने धुणे. लॅबमधल्या केमिस्टबाई म्हणाल्या, आधी एक मेम्ब्रेन कापून आत काय साचलंय ते बघू. मी म्हटलं, ताप आला म्हणून कुणी पेशंटचं पोट फाडत नाही. सगळे हसले. बाई सोडून.

५, बुधवार
ॲसिड झालं. फ्लो आणखी उतरला. निदान बरोबरच होतं, ॲसिड पातळ निघालं. स्टोअरवाल्याला झापलं.

६, गुरुवार, सकाळी ६.४०
फिल्टरच्या भांड्यात बोट घातलं. बुळबुळीत. म्हणजे जंतू. हे मी सोमवारीच ओळखलं होतं, बोललो नव्हतो इतकंच. आता थेट क्लोरीन. बाई म्हणाल्या, क्लोरीनने मेम्ब्रेन जळतात, म्हणून तर पाण्यातलं क्लोरीन आत जाण्याआधी मारायचं औषध आपण सोडतो. पुस्तकी ज्ञान. औषधाचा पंप बंद केला. लॉगबुकात सही ठोकली.

१०, सोमवार
फ्लो नव्या मेम्ब्रेनपेक्षा जास्त. साहेबांना फोन केला. म्हणाले, असं कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

१२, बुधवार
गोड्या पाण्यात क्षार वीसपट दिसतात. मीटर बिघडला. दुसरा आणला. तोही बिघडलेला.

१५, शनिवार
आईच्या पायांवर सूज, बीपी चढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, मीठ बंद आहे ना. घरी येऊन तिला नको नको ते बोललो. चोरून खातेस, या वयात शोभतं का, वगैरे. बायको म्हणाली, हल्ली पाणीच खारट लागतंय. क्वार्टर्सना पाणी आमच्याच प्लांटचं. म्हटलं, तुझ्या जिभेला चव राहिली नाही. मी स्वतः चाखलं नाही. गरज नाही. तरी जीव थाऱ्यावर नाही.

१८, मंगळवार
मला न विचारता साहेबांनी मेम्ब्रेन कापायला लावलं. बाईंनी वर रंग सोडला. पडदा धड असता तर रंग वरच राहिला असता. आरपार उतरला. क्लोरीनने जळालाय. फ्लो वाढला, कारण मीठ अडवायला काही उरलंच नव्हतं. सगळा प्लांट बंद. बाई एकदाही म्हणाल्या नाहीत की मी सांगितलं होतं. तेच जास्त लागलं.

संध्याकाळी
आईची माफी मागायचं ठरवून घरी आलो. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, रागावू नकोस, मिठाला मी शिवतही नाही. उलट सूज उतरावी म्हणून तुझ्या प्लांटचं पाणी रोज दोन पेले जास्त पिते.

तिच्या हातातला पेला काढून घेतला. का, म्हणाली. म्हटलं, फार गार आहे.

उद्या सांगेन.